लोणचं, मेतकूट, कोकम सरबत महाराष्ट्राबाहेर विकायचंय, बेसिक रजिस्ट्रेशन आहे, अजून काय लागेल?

चिपळूणच्या एका ताईंनी विचारलंय की त्या घरच्या घरी कैरीचं लोणचं, मेतकूट आणि कोकम सरबत करतात, आत्तापर्यंत ओळखीपाळखीत विकलं, आता बंगळुरू, दिल्ली, इंदूरहून मागणी येतीये आणि ऑनलाइन मार्केटप्लेसवर पण टाकायचंय. एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, साधं रजिस्ट्रेशन काढलेलं आहे. कोणीतरी सांगितलं की महाराष्ट्राबाहेर विकायला सेंट्रल लायसन्सच लागतं, एजंटने त्याचे मोठे पैसे सांगितले, तर खरं काय?

ताई, मी फूड टेक्नॉलॉजी शिकलेली आहे आणि गेली सतरा वर्षं कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या छोट्या उत्पादकांचीच कामं करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पहिलं म्हणजे एजंटला अजून पैसे देऊ नका. तुमचा माल दुसऱ्या राज्यात जातो एवढ्यावरून सेंट्रल लायसन्स लागत नाही. साधं रजिस्ट्रेशन, राज्याचं लायसन्स की सेंट्रल, ही पायरी ठरते तुमच्या युनिटच्या आकारावर, म्हणजे उलाढाल किती आणि रोजची उत्पादन क्षमता किती यावर, आणि तुम्ही नेमकं काय बनवता त्यावर. २०११ च्या मूळ नियमात छोट्या उत्पादकाची रेषा होती वर्षाला १२ लाख उलाढाल आणि दिवसाला १०० किलो किंवा लिटर. या रेषा सरकार पुढेमागे सरकवतं, त्यामुळे अर्ज करायच्या दिवशी एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर स्वतःची पात्रता तपासायची, ती सोय तिथेच आहे आणि फुकट आहे. एकाच जागेत चिपळूणला बनवून कुरियरने दिल्लीला पाठवलं तर तुमची जागा एकच राहते. दोन राज्यांत युनिट किंवा गोडाऊन उघडलंत तर मात्र सेंट्रलचा विषय येतो, कारण मग हेड ऑफिससाठी ते लागतं. मार्केटप्लेसवाली कंपनी तिचं सेंट्रल लायसन्स तिचं तिचं काढते, तुमच्याकडे ते फक्त तुमचा नंबर मागतात.

तो १४ आकडी नंबर एकदा नीट बघा. पहिला आकडा २ असेल तर रजिस्ट्रेशन, १ असेल तर लायसन्स, पुढचे दोन राज्याचे, महाराष्ट्राचे १५, त्याच्या पुढचे दोन वर्षाचे. हे का सांगते, तर मागे एका बाईंना कुणीतरी दुसऱ्याच्याच नंबरचं सर्टिफिकेट एडिट करून दिलं होतं आणि त्या दोन वर्षं तोच नंबर पाकिटावर छापत होत्या. फॉसकॉसवर नंबर टाकून बघितला की नाव, पत्ता, आणि कुठल्या प्रॉडक्टला परवानगी आहे ते सगळं दिसतं. तुमच्या रजिस्ट्रेशनमध्ये लोणचं, मेतकूट आणि सरबत तिन्ही बसतात का ते आजच बघून घ्या, कारण बऱ्याच जणांच्या अर्जात फक्त "मसाले" लिहिलेलं असतं आणि विकतात सरबत. काही जुने लोक अजून एफपीओचा शिक्का विचारतात, तो १९५५ च्या फळ उत्पादन आदेशातला होता, २००६ चा अन्न सुरक्षा कायदा २०११ पासून नीट लागू झाला तेव्हा तो त्यात विलीन झाला, आता वेगळा काढायचा नाही.

आता खरं सांगायचं तर लायसन्स हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. सगळे तेच विचारतात, आणि माझ्याकडे अडचणीत येणारे लोक मात्र दहातले नऊ लेबलवर आणि मालाच्या स्टँडर्डवर अडकलेले असतात. आधी हजारो पाऊच छापून घेतात आणि मग विचारतात. तुम्ही उलट्या क्रमाने चला, आधी माल कायद्याच्या भाषेत काय आहे ते ठरवा, मग टेस्ट, मग लेबल, आणि छपाई अगदी शेवटी.

लोणच्यापासून सुरू करू. तेलातल्या लोणच्याला आपल्याकडे स्टँडर्ड ठरलेलं आहे. निथळलेलं वजन ६० टक्क्यांपेक्षा कमी नको, आणि वर तेलाचा थर निदान अर्धा सेंटिमीटर हवा किंवा मग एकूण तेल १० टक्क्यांपेक्षा कमी नको. हे घरी करून बघता येतं. गेल्या वर्षी एका ताईंच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी बसलो, त्यांची ५०० ग्रॅमची बरणी घेतली, रव्याची चाळणी आधी रिकामी वजन केली, बरणी त्यावर ओतली, खार आणि तेल खाली निथळू दिलं आणि परत काट्यावर ठेवली. चाळणीत राहिलं २८० ग्रॅम, म्हणजे ५६ टक्के. ताईंचा चेहरा उतरला, कारण त्यांना वाटत होतं की तेल भरपूर घालतो म्हणजे माल चांगला. गिऱ्हाईक बिचारं तक्रार करत नव्हतं, पण तीच बरणी लॅबला गेली असती तर सबस्टँडर्ड म्हणून रिपोर्ट आला असता. उपाय सोपा निघाला, भरताना आधी फोडी मोजून घालायच्या आणि मग वरून तेल, आधी त्या मोठ्या पातेल्यातून डावाने भरत होत्या त्यामुळे पहिल्या बरण्यांत खार जास्त आणि तळाच्या बरण्यांत फोडी जास्त जायच्या. तुम्ही पण एका बॅचमधल्या सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या अशा तीन बरण्या चाळणीवर घेऊन बघा.

कोकम सरबताला नाव देताना फार जपा. कायद्यात फ्रूट सिरप किंवा शरबत म्हटलं की विद्राव्य घन पदार्थ, म्हणजे आपण ज्याला ब्रिक्स म्हणतो ते, किमान ६५ आणि फळाचा रस किमान २५ टक्के लागतो. तेच स्क्वॅश म्हटलं तर रस २५ च पण ब्रिक्स ४० चालतो. क्रशला ५५. म्हणजे बाटलीत एकच वस्तू असली तरी वर काय लिहिलं त्यावर ती पास की नापास ते ठरतं. आपल्याकडे आमसुलाच्या ओल्या सालींवर साखर थर देऊन जे अमृत कोकम करतात ते बहुतेकदा ६५ च्या आसपास असतं पण पावसाळ्यात पाणी सुटून खाली येतं. एक हँड रिफ्रॅक्टोमीटर घ्या, दोन थेंब काचेवर टाकायचे आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा, प्रत्येक बॅचला हे केलंच पाहिजे. आणि आगळ वेगळं, त्यात साखर नाही, मीठ आहे, ते सरबत म्हणून विकू नका. कोकमचा रंग उन्हात उतरतो म्हणून काहीजण त्यात लाल रंग घालतात, तो परवानगीचा असला तरी लेबलवर नंबरासकट सांगावा लागतो, आणि कुठल्या पदार्थात किती चालतो याची मर्यादा असते. माझं मत विचाराल तर घालू नका, गडद बाटली वापरा आणि खोकं बंद ठेवा.

मेतकूट या नावाचं स्टँडर्ड कुठेच नाही. म्हणून घाबरायचं नाही, पण नावासोबत खरा पदार्थ काय आहे ते लिहावं लागतं, कारण इंदूर-दिल्लीच्या माणसाला मेतकूट म्हणजे काय ते माहीत नसतं आणि नियमही तेच म्हणतो की नावावरून पदार्थाचं खरं स्वरूप कळलं पाहिजे. तर मोठ्या अक्षरात मेतकूट आणि खाली भाजलेल्या डाळी आणि मसाल्यांची पावडर असं, फक्त ते इंग्रजीत किंवा हिंदीत.

हा भाषेचा मुद्दा मराठी माणसाला कायम चुकवतो. लेबलवरची कायद्याने लागणारी माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवी. मराठी जास्तीची म्हणून कितीही लिहा, छान दिसतं, पण नुसती मराठी असेल तर लेबल अपुरं धरलं जातं. लिपी देवनागरी आहे म्हणून चालेल असं नाही, भाषा हिंदी किंवा इंग्रजी पाहिजे. मला स्वतःला याचं वाईट वाटतं, पण तुमचा माल अडकू नये ही काळजी त्याहून मोठी आहे.

लेबलवर काय काय, ते आता सांगते. याचे मुख्य नियम २०२० चे आहेत, लेबलिंग अँड डिस्प्ले म्हणून. पदार्थाचं नाव. घटकांची यादी, जास्त वजनाचं आधी आणि कमी वजनाचं शेवटी, आणि हा क्रम बनवतानाच्या वजनाचा. पोषण तक्ता १०० ग्रॅमला किंवा १०० मिलीला, आणि एका सर्व्हिंगमध्ये रोजच्या गरजेच्या किती टक्के येतं ते. उत्पादकाचं नाव आणि पूर्ण पत्ता, एफएसएसएआयचा लोगो आणि नंबर, निव्वळ वजन, बॅच नंबर, बनवल्याची किंवा पॅक केल्याची तारीख आणि एक्सपायरी किंवा यूज बाय. नुसतं बेस्ट बिफोर लिहून आता भागत नाही, ते वाटलं तर जोडीला लिहा. ज्या मालाची मुदत तीन महिन्यांपर्यंत आहे त्याला दिवस, महिना, वर्ष तिन्ही लागतात. शाकाहारी खूण म्हणजे हिरव्या चौकटीत भरलेलं हिरवं वर्तुळ, तुमच्या छोट्या पाकिटावर, म्हणजे समोरचा भाग १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर, वर्तुळ निदान ३ मिलिमीटर आणि चौकट त्याच्या दुप्पट. प्रिंटर ही खूण ब्रँडच्या रंगात मॅच करून देतो, कधी काळी, कधी सोनेरी, ते चालत नाही, हिरवीच हवी.

पोषण तक्त्यात ऊर्जा, प्रोटीन, कार्बोहायड्रेट, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण फॅट, सॅच्युरेटेड, ट्रान्स, कोलेस्टेरॉल आणि सोडियम हे सगळं येतं. गरजेचे आकडे ठरलेले आहेत, २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम फॅट, २२ ग्रॅम सॅच्युरेटेड, २ ग्रॅम ट्रान्स, ५० ग्रॅम घातलेली साखर, २००० मिलिग्रॅम सोडियम. लोणच्याचं गणित बघा, समजा मीठ १० टक्के आहे आणि सर्व्हिंग १० ग्रॅम धरली, तर एका सर्व्हिंगला १ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण ३९३ मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या जवळजवळ २० टक्के. हे बघून बायका म्हणतात की सर्व्हिंग ५ ग्रॅम लिहू. अहो, जेवताना ताटात खरंच किती घेतो ते लिहा, आकडा खोटा ठेवून गिऱ्हाइकाच्या बीपीशी खेळायचं नाही.

आता ॲलर्जन, आणि हा मुद्दा मी प्रत्येकाला हात जोडून सांगते. यादीत ग्लूटेनवाली धान्यं, कवचवाले जलचर, दूध, अंडं, मासे, शेंगदाणा आणि सुकामेवा, सोयाबीन, आणि किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट आहे. तुमच्या मेतकुटात गहू असतो, तो दिसतोच. पण लोणच्यात? लोणच्यात तुम्ही हिंग घालता, आणि बाजारातलं बांधणी हिंग हे बहुतेकवेळा मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक यांच्यात बांधलेलं असतं. मैदा असेल तर तुमच्या लोणच्यात गहू आहे. चिमूटभर का असेना, ज्या मुलाला सीलिॲक, म्हणजे गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार, आहे त्याच्या आईसाठी ती चिमूट महत्त्वाची आहे. मागे एका उत्पादकाने लोणच्यावर हौसेने ग्लूटेन फ्री छापलं होतं, आम्ही हिंगाची डबी उलटी केली आणि पहिलाच घटक व्हीट फ्लोअर. सगळी लेबलं बाद केली, आणि मी म्हणेन बरं झालं की आधी दिसलं. एकतर तांदळाच्या पिठाचं हिंग शोधा नाहीतर लेबलवर "कंटेन्स व्हीट" स्पष्ट लिहा. मोहरी आपल्या भारतीय यादीत नाही, पण युरोपात ती आणि तीळ दोन्ही ॲलर्जन धरतात, पुढे कधी एक्स्पोर्ट करायचं झालं तर हे लक्षात असू द्या.

दावे. हे वाचून बऱ्याच जणांना धक्का बसतो. २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे नियम आहेत, त्यात होममेड, होम कुक्ड असे शब्द, ज्यांनी गिऱ्हाइकाचा गैरसमज होऊ शकतो, ते वापरू नका असं आहे. आणि आपल्याकडे तर प्रत्येक बरणीवर "घरगुती" मोठ्या अक्षरात असतं. तुम्ही खरंच घरी बनवता हे मला मान्य आहे, पण लेबलवर तो शब्द नको. त्याऐवजी तुमच्या गावाचं नाव लिहा, आंबा कुठला ते लिहा, तेल कुठलं ते लिहा, त्याला कोणाची हरकत नाही आणि दिल्लीच्या माणसाला ते जास्त आवडतं. "पारंपरिक" शब्दालाही अट आहे, ती पद्धत किंवा पाककृती पिढ्यानपिढ्या, निदान ३० वर्षं फारसा बदल न होता चालत आलेली असायला हवी. नॅचरल, प्युअर, फ्रेश या प्रत्येक शब्दाला अटी आहेत. १०० टक्के हा शब्द तर टाळाच, २०२४ मध्ये एफएसएसएआयने ज्यूसवाल्यांना "१०० टक्के फ्रूट ज्यूस" काढायला लावलं होतं. डायबेटिसला चालतं, पित्त कमी होतं, वजन उतरतं, असलं काहीही कोकम सरबतावर लिहू नका, आजी सांगायची ते वेगळं आणि लेबलवर लिहिणं वेगळं. चुकीच्या लेबलला म्हणजे मिसब्रँडेड मालाला कायद्यात ३ लाखांपर्यंत दंड आहे, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत. हे कलम ५२ आणि ५३. तुमच्या वेबसाइटवरचं आणि इन्स्टावरचं लिखाणही जाहिरातीतच मोडतं हे विसरू नका, पाकीट अगदी बरोबर आणि रीलमध्ये "शुगर कंट्रोल" असं बऱ्याचदा होतं.

एफएसएसएआय संपलं की वजनमापवाले. हा पूर्ण वेगळा कायदा आहे, २००९ चा, आणि पॅकबंद वस्तूंचे नियम २०११ चे, आणि छोट्या लोकांना याचीच नोटीस जास्त येते असा माझा अनुभव आहे कारण याच्याकडे कोणी बघतच नाही. एमआरपी सर्व करांसहित, निव्वळ वजन, बनवल्याचा महिना आणि वर्ष, तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन आणि ईमेल. आणि आता युनिट सेल प्राइस, म्हणजे ५०० ग्रॅमची बरणी २४० रुपयांची असेल तर एका ग्रॅमला ०.४८ रुपये असं छापावं लागतं, किलोच्या आत ग्रॅमवर आणि किलोच्या वर किलोवर. पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत पॅकर म्हणून वैधमापन विभागाकडे नोंदणी करायची. तुमचा इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी स्टॅम्पिंग करून घ्यायचा, नुसता नवीन घेतला म्हणून चालत नाही. वजनात थोडी चूक कायदा चालवून घेतो, ५०० ग्रॅमच्या पॅकला ३ टक्के म्हणजे १५ ग्रॅम, पण ती एखाद्या पाकिटाला, सगळ्याच लॉटचं सरासरी वजन कमी असेल तर ती चोरीच धरली जाते. बरणीचं आणि झाकणाचं वजन निव्वळ वजनात कधीच नाही, हे सांगायची गरज पडू नये पण पडते.

टेस्टिंगसाठी लॅब निवडताना दोन गोष्टी बघा, एनएबीएलची, म्हणजे लॅब तपासून मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे ना आणि एफएसएसएआयच्या यादीत आहे ना. आणि तुम्हाला हवी ती चाचणी त्या मान्यतेच्या कक्षेत आहे का हेही विचारा. २०१५ च्या मॅगी प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द केला त्यात लॅबच्या मान्यतेचा हाच मुद्दा मोठा होता, आणि मग मान्यताप्राप्त लॅबमध्ये पुन्हा तपासणी करायला लावली. एवढ्या मोठ्या कंपनीच्या बाबतीत जो मुद्दा निघतो तो आपल्यालाही लागू आहे, स्वस्तातला कागद कोर्टात टिकत नाही. लायसन्सवाल्या उत्पादकाला दर सहा महिन्यांनी टेस्ट करून रिपोर्ट पोर्टलवर चढवावा लागतो, आणि वर्षाचं रिटर्न डी-१ फॉर्मचं ३१ मे पर्यंत ऑनलाइन, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये. तुम्ही अजून रजिस्ट्रेशनमध्ये आहात तर रिटर्नचं ओझं नाही, पण वाढलात की हे लागतंच, म्हणून विक्रीची वही आतापासून महिन्यावार ठेवा.

शेल्फ लाइफ किती लिहायची हे कुठलाही अधिकारी सांगणार नाही, ती तुम्ही ठरवायची आणि तिचा पुरावा तुमच्याकडे हवा. शेजारच्या ब्रँडने लोणच्याला १२ महिने लिहिलं म्हणून आपणही १२ लिहायचे, असं करू नका. प्रत्येक बॅचच्या तीन बरण्या बाजूला ठेवा, एक साध्या खोलीत, एक पत्र्याच्या खोलीत जिथे उन्हाळ्यात तापतं, एक लॅबसाठी. महिन्याला उघडून वास, रंग, तेलाचा खवटपणा, बुरशी वहीत लिहा. मेतकुटात तर ओल आणि पोरकिडे हा सगळ्यात मोठा शत्रू आहे, पावसाळ्यात केलेलं आणि डिसेंबरात केलेलं मेतकूट सारखं टिकत नाही. आणि ऑनलाइनचा नियम असा आहे की गिऱ्हाइकाच्या हातात पडताना मुदतीतले ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक हवेत. दोन महिन्यांची मुदत लिहिली आणि गोडाऊनला माल महिनाभर पडून राहिला तर ४५ दिवसांच्या हिशोबात तो गेलाच, म्हणून छोट्या मुदतीचा माल मोठ्या गोडाऊनला भरून ठेवू नका, स्वतः ऑर्डरप्रमाणे पाठवा.

जागेबद्दल. घरात चालतं, पण अधिकारी आले की बघतात ते पाण्याचा रिपोर्ट आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, काम करणाऱ्यांचं मेडिकल, खिडकीला जाळी, झाकणाचा कचऱ्याचा डबा, कच्चा माल जमिनीवर नाही ना. एक गोष्ट तर आजच बंद करा, कैरीच्या फोडी किंवा सालं वर्तमानपत्रावर सुकवणं. शाई अन्नाला लागते आणि अन्न वर्तमानपत्रात ठेवू नका असं एफएसएसएआयचं सांगणंच आहे. सुती पांढरं धुतलेलं कापड किंवा स्टीलचे ट्रे वापरा. आमसुलं सुकवणारे अजून सर्रास पेपरवर टाकतात, मला बघवत नाही.

नमुना घेतला तर घाबरून सही करून मोकळ्या होऊ नका. चार भाग करतात, एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, आणि चौथा तुम्ही मागितलात तर तुमच्या खर्चाने मान्यताप्राप्त लॅबला. ती मागणी तिथल्या तिथे लेखी करायची, नंतर नाही. रिपोर्ट विरुद्ध आला तर ३० दिवसांत अपील असतं. बहुतेक अधिकारी नीट बोलतात हेही सांगते, माझे कितीतरी प्रश्न रत्नागिरी-सांगलीकडच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी फोनवर सोडवून दिलेत. आपण आधी विचारलं तर ते मदतच करतात.

जीएसटीचं एक वाक्य, कारण ते अचानक येतं: दुसऱ्या राज्यात माल विकला की उलाढाल कितीही कमी असो, साधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ४० लाखांपर्यंत सूट मिळते म्हणून आत्तापर्यंत तुम्हाला विषय नव्हता, बंगळुरूच्या पहिल्या बिलाला तो येणार. सीएला आधी भेटा.

आणि शेवटी तुमचा दुसरा प्रश्न, की माल वाढला तर दुसऱ्याच्या युनिटमध्ये करून घेतला तर चालेल का. चालेल, पण तरी तुमचं स्वतःचं रजिस्ट्रेशन किंवा लायसन्स मार्केटिंगसाठी लागतं, आणि पाकिटावर त्याचा पत्ता आणि नंबरही येतो. तुमचा फॉर्म्युला, मिठाचं प्रमाण, तेलाचं नाव लेखी करारात घाला, बॅच वही तुमच्याकडे फोटो काढून दर आठवड्याला यायला हवी. ही वही म्हणजे काही मोठं नाही, बॅच नंबर, तारीख, कैरी कोणाकडून किती, तेलाच्या डब्याचा नंबर, मिठाचं वजन, किती बरण्या भरल्या, कुठे कुठे गेल्या. इंदूरहून एक तक्रार आली की त्या ओळीवर बोट ठेवून बाकीच्या बरण्या कुठे आहेत ते पाच मिनिटांत सांगता आलं पाहिजे.

पुढच्या आठवड्यात तिन्ही लेबलांची आर्टवर्क साध्या कागदावर काळ्यापांढऱ्यात, खऱ्या मापात काढून भिंतीला लावा आणि घरातल्या ज्याला चष्मा आहे त्याला चष्मा काढून वाचायला सांगा, जे वाचता येणार नाही ते अक्षर मोठं करा, मग हिरवी खूण रंगीत करून बघा, मग प्रिंटरकडे जा, आणि पहिल्यांदा ५०० च्या वर छापू नका. हिंगाची डबी मात्र आज रात्रीच उलटी करून वाचा.